डाकीण कोणी व्हायचं नाही

आमच्या धुळ्याच्या शाळेत हॅलोविन करायचं ठरलं आणि पालकांसाठी मराठीत सूचना लिहिण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी दुसरीची वर्गशिक्षिका. पोरं जिन्यावरून पडतील या धास्तीने मी आधीच अर्धी झालेली असते, त्यामुळे लिहिलंही तसंच. झगा घोट्याच्या वर हवा, नायलॉन नको, डोळे झाकणारा मुखवटा नको, मेणबत्ती तर मुळीच नको. कोणाच्या जातीची, धर्माची, कामाची नक्कल करायची नाही, हेही घातलं आणि स्वतःवरच खूश झाले. शेवटी उदाहरणं दिली: भूत, भोपळा, वटवाघूळ, डाकीण. 'विच'ला खानदेशात दुसरं काय म्हणणार?

वर्गात चिठ्ठ्या काढल्या. शेवटच्या बाकावरच्या अबोल मुलीला डाकीण आली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिची आई दारात उभी. आत या म्हटलं तरी येईना.

"मॅडम, मनी पोरले डाकीन नका करू."

"अहो, खेळ आहे तो," मी हसून म्हणाले.

ती हसली नाही. "मनी सासूले गावमा डाकीन म्हनेत. मारं तिले. म्हनीसन आम्ही बठ्ठा आठे उनूत. आठे कोनलेच सांगू नका."

त्यांचं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी. तिथे कोणाचं तरी लेकरू दगावलं आणि बोट हिच्या सासूकडे गेलं. तिला मारहाण झाली आणि सगळं घर गाव सोडून इकडे आलं. मी चाळीसगावात वाढले. माझ्यासाठी डाकीण म्हणजे मी ताटातली भाजी टाकली की आई जिची भीती घालायची ती. त्या शब्दापायी कोणाला घर सोडावं लागतं, हे ऐकून मला स्वतःची लाज वाटली. इथे कोणाला सांगणार नाही, असा शब्द मी तिला दिला.

मुलीला मी भोपळ्याची चिठ्ठी दिली. पण डाकिणीच्या चिठ्ठ्या आणखीही निघाल्या होत्या, त्यांचं काय? दोन दिवस माझा जीव थाऱ्यावर नव्हता. डबा उघडायचे आणि न खाताच बंद करायचे. शेवटी पालकांच्या ग्रुपवर लिहिलं, 'डाकीण कोणी व्हायचं नाही.' लगेच एका आईने विचारलं, का? टोपी आणून झाली आहे. खरं कारण सांगावं तर त्या बाईला दिलेला शब्द मोडतो, असं मी स्वतःला समजावलं. निदान 'हा शब्द वाईट आहे' एवढं तरी लिहिता आलं असतं. तेही केलं नाही. लिहिलं, 'डाकिणीची काठी टोकदार असते, कोणाच्या डोळ्यात जाईल.' सुरक्षिततेचं नाव काढलं की कोणी वाद घालत नाही.

कार्यक्रमाच्या सकाळी भोपळा झालेली मुलगी एका म्हातारीला हाताला धरून माझ्याकडे घेऊन आली. "मॅडम, ही माझी आजी. सगळे हिला अक्का म्हणतात." अक्कांनी हात जोडले. एक बोट नीट सरळ होत नव्हतं. मी त्यांना पुढे बसा म्हटलं, त्या मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसल्या. नात भोपळा होऊन गोल फिरली तेव्हा सगळ्यात जास्त टाळ्या त्यांनीच वाजवल्या.

माईक माझ्या हातात होता. भोपळ्यानंतर पडद्यामागून काळ्या टोपीतली एक मुलगी आली. तिची आई पहिल्या रांगेतून कौतुकाने मला म्हणाली, "काठी काढली हो मॅडम, तुम्ही सांगितलं तशी. आता काही भीती नाही."

"आता येत आहे... काळ्या टोपीतली मुलगी," मी कसंबसं म्हणाले.

मुलीला ते पटलं नाही. तिने माझ्या हातातला माईक स्वतःकडे ओढला आणि ठणकावून सांगितलं, "मी डाकीण आहे!"

सगळं सभागृह हसलं. मी मागच्या रांगेकडे पाहिलं. अक्कांनी पदर कपाळाच्या खाली ओढून घेतला होता आणि त्या उठून दाराकडे निघाल्या होत्या. भोपळा झालेली नात "आजी, थांब ना!" म्हणत त्यांच्या मागे धावली. झगा घोट्याच्या वर होता, त्यामुळे ती पडली नाही.