मेजर क्रोबाकची गोफण

पुणे स्टेशनवर बायकोने खिडकीतून डबा आत दिला आणि विचारलं, "त्रेचाळीस वर्षांचा माणूस फ्लॉपी शोधायला परभणीला चाललाय, हे शेजाऱ्यांना काय सांगू?"

"संशोधन सांग," मी म्हटलं. तिने कपाळाला हात लावला आणि गाडी सुटली.

आता तुम्हीच ठरवा, हे संशोधन की वेडेपणा. मेजर क्रोबाक हा कॉम्प्युटर गेममधला टकलू. दोन्ही हातांत बंदुका, तोंडात चिरूट. दिसेल त्याला गोळी. आमच्या कॉलेजात या खेळाचे दुसरा, तिसरा आणि चौथा भाग खेळून निम्मा वर्ग नापास झाला, त्यात मीही होतो. पहिला भाग मात्र कुणीच पाहिला नव्हता. तो म्हणे थोड्या फ्लॉप्यांवर निघाला आणि कंपनीच विसरून गेली. इंटरनेटवरही त्याचा मागमूस नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर मंदारने लिहिलं की तो भाग त्याने लहानपणी, उन्हाळ्याच्या सुट्टीत, मामाच्या गावी ताडकळसला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये खेळलाय. त्यात बंदूकच नाही, गोफण आहे. मेजर शेतात पाखरं राखतो, आणि शेवटी त्याच पाखरांबरोबर भाकरी खातो.

आता मेजर क्रोबाक आणि भाकरी! मी लिहिलं, "मंद्या, तू जन्मजात थापाड्या आहेस." तेवढ्यावर थांबलो असतो तर मी कसला? मंदारच्या आजवरच्या थापांची क्रमवार यादीच टाकली. सगळे पोट धरून हसले. मंदार ग्रुपमधून निघून गेला. गेल्या वर्षी त्याच्या मुलाची मुंज झाली, तिची पत्रिका सगळ्यांना आली, मला नाही. पंचवीस वर्षांची दोस्ती होती आमची.

माफी मागायची तर मी आधी चुकलेलो असायला हवं ना? म्हणून हा प्रवास. ताडकळसला जायचं, असा खेळ नव्हताच हे सिद्ध करायचं आणि सुखाने झोपायचं. मला मंदार खोटा ठरायला हवा होता, खोटं कशाला बोलू!

सकाळी परभणीला उतरलो. स्टँडसमोर गाड्यावर सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा पोह्यांसारखा फोडणीचा प्रकार) खाल्ला. त्यातली हिरवी मिरची मी शेंगेचा तुकडा समजून चावली. डोळ्यांतून धारा लागल्या तशी गाडेवाला म्हणाला, "पाहुणे, रडायलाव कामून? आत्ता कुठं परभणीत आलाव." आणि त्याने न मागता ताकाचा ग्लास पुढे केला.

ताडकळसची एसटी खच्चून भरलेली, कारण तिथे बाजाराचा दिवस होता. माझ्या मांडीवर आधी एक पिशवी आली, मग तिच्यावर कोबीचे दोन गड्डे. बाहेर काळ्या रानात ज्वारी कणसाला आलेली. मधूनच एखादा माळा (चार खांबांवरचं मचाण) दिसायचा आणि वर उभं राहून कुणीतरी पत्र्याचा डबा बडवत असायचं. शेजारच्या बाबांना मी विचारलं, "हे काय चाललंय?"

"राखण. पाखरं हुसकायलेत," बाबा म्हणाले. "तुमच्याकडं ज्वारी दुकानात उगवती का?"

मी कोबी सांभाळायला लागलो.

ताडकळसच्या बाजारात वांगी विकणाऱ्या मावशींना कॉम्प्युटर क्लासबद्दल विचारलं. त्यांनी वांग्यानेच दिशा दाखवली. "शिवाअप्पाचा क्लास व्हय? तो बंद पडून जमाना झाला. तिथं आता न्हाव्याचं दुकान हाय."

दुकानात शिरलो, टेकायला दुसरी जागा नव्हती म्हणून खुर्चीत बसलो, आणि तोंड उघडायच्या आत गालाला साबण लागला. फेसातूनच मी चौकशी केली. कारागीर मोठा माहीतगार निघाला. शिवाअप्पा लिंगायत व्यापारी, क्लास बंद करून झरीला गेले, तिथे त्यांचं सरकी-पेंडीचं दुकान आहे, हे सगळं त्याने उजवा गाल संपेपर्यंत सांगितलं. तेवढ्यात बाहेर एसटीचा हॉर्न वाजला.

"परभणीची गाडी हाय ही," तो शांतपणे म्हणाला. "पुढची कवा येईल त्याचा नेम न्हाई."

मी टॉवेलसकट पळालो. तो मागून ओरडला, "टॉवेल!" मी टॉवेल खिडकीतून फेकला. अशा रीतीने उजवा गाल गुळगुळीत आणि डाव्या गालावर चार दिवसांची दाढी घेऊन मी परभणीमार्गे झरीला पोचलो. वाटेत प्रत्येक माणसाने माझ्याकडे दोनदा पाहिलं, एकेका बाजूने एकदा.

शिवाअप्पांचं दुकान लगेच सापडलं. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात पांढरी बंडी, वय सत्तरीचं. मी येण्याचं कारण सांगितलं. अप्पांनी माझ्या दाढीबद्दल चकार शब्द काढला नाही. एवढा सभ्य माणूस मी अलीकडे पाहिला नव्हता. त्यांच्या पत्नी शोभाअक्का मात्र आतून पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि थबकल्याच.

"अगं बया! अर्धीच कामून केली? नवस हाय का?"

फ्लॉपीचं नाव काढताच अप्पांनी गल्ल्यावरच्या तारेकडे बोट केलं. व्यापारी लोक बिलं, पावत्या टोचून ठेवतात ती तार. तिच्यात पावत्यांच्या वर पाच-सहा काळ्या चौकोनी फ्लॉप्या ओवलेल्या!

"अप्पा, फ्लॉपी तारेत ओवतात का कुणी?"

"मग मधी एवढं मोठं भोक कामून दिलंय?" अप्पा म्हणाले. "डब्यात ठिवल्या त्या समद्या बुरशीनं गेल्या. तारेवरच्या बगा, कशा ठणठणीत हायत."

त्यांनी एक फ्लॉपी तारेतून सोडवली आणि मला आत नेलं. कॉम्प्युटर मागच्या खोलीत मखमली कापडाखाली होता. त्याच्या पडद्यावरही विभूतीचे तीन पट्टे! खंडेनवमीला दुकानाच्या तराजूबरोबर त्याचीही पूजा होते. "आन् पूजा झाली की एकदा चालवून बगतो," अप्पा म्हणाले. "देव झाला म्हनून बसून ऱ्हायचं का?"

फ्लॉपी आत गेली. बराच वेळ खरखर झाली. मग हिरव्या पडद्यावर उमटलं, क्रोबाक. आणि खाली उभा राहिला एक टकलू. माळ्यावर. हातात गोफण.

गोफण तर खरी निघाली! पण भाकरी राहिली होती ना अजून. मी स्टूल पुढे ओढला.

चौथ्या भागात मी बोटं झिजवलेली. एकेक पाखरू टिपलं. एकही सोडलं नाही. भराभर गुण चढले, शेवटचं पाखरू पडलं, आणि पडद्यावर आलं, खेळ संपला. बस्स. भाकरी नाही की काही नाही. मी टाळीच वाजवली. "बघा! म्हटलं नव्हतं मी? मंद्या थापाड्या तो थापाड्याच!"

अक्का दारात सुपात ज्वारी पाखडत बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला.

"पाखरं मारलाव कामून?"

"खेळच तसा आहे, अक्का. मारायचं असतं."

"कुनी सांगितलं? राखन म्हंजे हुसकायचं. त्येला बी पोट हाय की. दगड बाजूनं सोडायचा, अंगावर न्हाई." त्यांनी सूप खाली ठेवलं. "सरका तिकडं."

मी सरकलो. अक्कांनी पदर खोचला आणि खेळायला लागल्या. दर दगड पाखराच्या अगदी शेजारून जायचा, पाखरू वळायचं आणि भुर्र. तोंडाने "हाऽ हाऽ हुर्र" चालूच. गुणांच्या जागी मोठं शून्य, ते काही केल्या हलेना. अप्पा हसत म्हणाले, "क्लासमधी समद्यांचं शून्यच यायचं. रानातली पोरं, पाखरू मारायला हातच उठंना त्यांचा. मला लय दिवस वाटायचं मशीनच बिघडली."

शेवटचं पाखरू उडून गेलं. पण या वेळी खेळ संपला नाही. मेजर क्रोबाक माळ्यावरून खाली उतरला. गोफण खुंटीला अडकवली. मांडी घालून बसला, फडकं सोडलं आणि गोल भाकरीसारखं काहीतरी मोडलं. एक पाखरू आलं. मग दुसरं. मग सगळी त्याच्याभोवती उतरली.

मी तोंड उघडं टाकून पाहत होतो. मग एकदम भान आलं, पुरावा! खिशातून मोबाइल काढला, पडद्यावर धरला, आणि लाइट गेली.

"आता संध्याकाळीच येती," अप्पा म्हणाले. माझी परतीची गाडी त्याआधीची होती. मी फ्लॉपी मागून पाहिली. अप्पांनी हात जोडले. "दुसरं काय बी मागा. ही खंडेनवमीच्या पूजेला लागती."

अक्कांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. ज्वारीची भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी. अक्का ताटात तेल वाढत म्हणाल्या, "पैले ताडकळसला एक पुन्याचं पोरगं यायचं सुट्टीत, मामाकडं. पैल्या दिवशी त्यानं बी समदी मारली. मग मी शिकवलं. लय गुणाचं. एकदा चेंडूनं आमच्या खिडकीची काच फुटली, कुनी बगितलं बी न्हवतं, तर सोताहून सांगायला आलं."

"नाव काय त्याचं?"

"नाव न्हाई ध्यानात. पर खोटं बोलायला येतच न्हवतं त्याला."

मला लाज वाटली. सरळ सांगतो, फार लाज वाटली.

निघताना अप्पांच्या शेजाऱ्याने आमचा फोटो काढला. मी, अप्पा, अक्का आणि मध्ये काळा ठिक्कर पडदा. परतीच्या गाडीत बसून मी तो ग्रुपवर टाकला आणि लिहिलं, "मंदार खरं बोलत होता. गोफण आहे, भाकरीही आहे. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. मी त्याला खोटं ठरवलं, ते चुकलं."

मिनिटभरात सुरुवात झाली. "पडदा तर बंद आहे!" "आणखी एक थापाड्या!" "दाढी अर्धी, गोष्टही अर्धी!" कुणीतरी माझ्या आजवरच्या थापांची यादी टाकली, क्रमवार. ती माझ्या यादीपेक्षा लांब होती. मी मनापासून खरं सांगत होतो आणि कुणीही मानत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी मंदार असाच फोन हातात धरून बसला असणार.

सकाळी पुणे जवळ आलं तेव्हा फोन वाजला. मंदार. कुणीतरी त्याला फोटो पाठवला होता.

मी काही बोलायच्या आत त्याने विचारलं, "किती मारलीस?"

"काय?"

"पाखरं रे."

"पहिल्या डावात... सगळी."

"वाटलंच मला," तो म्हणाला. "अक्का बऱ्या आहेत?"

"बऱ्या आहेत. तू फोडलेली काच अजून त्यांच्या लक्षात आहे. मंद्या, चुकलो रे मी."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. सर्दी असेल, असं तो नंतर म्हणाला. माझी यादी सोडा, त्याची खरीखुरी थाप मी आजवर ती एकच पकडली आहे.

"घरी ये," तो म्हणाला. "जेवायलाच ये. आणि येताना ती उरलेली दाढी करून ये."

स्टेशनवर बायको घ्यायला आली होती. माझ्या दोन्ही गालांकडे पाहून तिने विचारलं, "मिळाली फ्लॉपी?" मी नाही म्हटलं, आणि रिक्षा मंदारच्या घराकडे वळवायला सांगितली. दाढी काय, उद्याही करता आली असती.