बासच्या घशातली हेरिंग

हॉइट मेबनं काहीही केलेलं नाही, हे वाचणाऱ्यानं आधीच ऐकून ठेवावं. त्याचं नाव मातीत घालणारा माणूस ऑर्डेल प्रूएट. त्याच्या दुकानात मी एकोणीस वर्षं गल्ल्यावर बसले. तो कसा होता ते मी सांगते, मग काय ते ठरवा.

बेल्चर तलावावर सगळे येतात ते बास माशाच्या मागे, आणि बास गळाला लागावा म्हणून ऑर्डेल लाकडाचे मासे कोरायचा. तीन तुकडे, मध्ये बिजागऱ्या, दोरी ओढली की शेपूट हलवत पोहणारे. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला काय हवंय, हे त्यानं कधी विचारलं नाही. "कुठल्या पाण्यात टाकणार? तिथला बास काय खातो?" एवढंच विचारायचा. उत्तर आलं नाही की पाठ फिरवून पुन्हा कोरायला बसायचा, आणि त्या माणसाची समजूत मी काढायची.

एकदा अटलांटाहून एक तरुण आला. मोबाइलवर व्हिडिओ बघून आलेला.

"काका, तो गुलाबी पट्ट्याचा मोठा ट्राउट मासा द्या. कॅलिफोर्नियात त्याच्यावर केवढाले बास लागतात."

"मग कॅलिफोर्नियाला जा."

"अहो, पण पैसे देतोय ना मी."

"आमच्या तलावात ट्राउट आहे का? उद्या तुझ्या ताटात कुणी मगरीचं शेपूट वाढलं तर खाशील?"

"चाखून बघीन की."

मला हसू आलं. ऑर्डेलला नाही आलं. त्यानं दार उघडून धरलं आणि तो पोरगा बाहेर जाईपर्यंत धरून ठेवलं.

पण त्याचं चुकायचं नाही, हेही सांगते. आमच्याकडचा बास खातो तो शॅड मासा तळहाताएवढा रुंद, चपटा, कल्ल्यामागे एक काळा ठिपका. ऑर्डेलचा लाकडी शॅड तसाच, आणि चांदी मुद्दाम मळकट, कारण आमचं पाणी मळकट. मे महिन्यात ब्लूगिल मासे काठाशी पाण्यात घरटी करतात, तेव्हा तो गोलसर, नारिंगी पोटाचे मासे काढायचा. सप्टेंबरात शॅडची पिल्लं बोटाएवढी असतात, तेव्हा मोठा मासा मागणाऱ्याला तो वेड्यात काढायचा. कुणी बास घेऊन आलं की जबडा उघडून आधी घशात बघायचा. गिळलेल्या माशाची शेपूट पुष्कळदा तिथंच अडकलेली असते. मासा साफ करताना पोटातून जे निघेल ते फूटपट्टीनं मोजायचा. त्यामुळे या पाण्यात काय राहतं, याबद्दल ऑर्डेलचा शब्द गावात शेवटचा होता.

हॉइट त्याचा शाळेपासूनचा मित्र. पाहुण्यांना होडीतून मासेमारीला न्यायचं, हा त्याचा धंदा. तो ऑर्डेलचे मासे त्यांच्या हाती द्यायचा, आणि दुपारी दुकानाबाहेरच्या बाकावर उकडलेल्या शेंगा सोलत बसायचा. ऑर्डेलला तोंडावर "म्हाताऱ्या" म्हणायची हिंमत त्याच्या एकट्याचीच.

पाच वर्षांपूर्वी खालच्या मोठ्या तलावावरच्या लोकांनी ऑर्डेलकडे लाकडी हेरिंग मागितल्या. त्यांच्या पाण्यात हेरिंग आहे, आमच्यात नव्हती. सडपातळ मासा, पाठ निळी-हिरवी. मेला की तासाभरात तो रंग काळा पडतो, म्हणून ऑर्डेलनं तीस जिवंत हेरिंग गोल पिंपातून आणल्या. चौकोनी टाकीत त्या कोपऱ्यांवर नाकं आपटून मरतात. आठ दिवस तो पिंपाशेजारी बसून कोरत, रंगवत होता. इतकं सुंदर काम त्यानं आधी कधी केलं नव्हतं.

नवव्या दिवशी मला म्हणाला, "मारवत नाहीत गं."

हजारो माशांची पोटं फाडलेला माणूस! पण त्या तिसांचा त्याला लळा लागला होता. जिवंत मासे एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात सोडायचे नाहीत, ही सूचना त्यानंच दुकानाच्या दारावर डकवली होती. तरी आम्ही दोघांनी पिंप तलावाकाठी होड्यांच्या उतारावर नेलं आणि पाण्यात कलंडवलं. एक कड माझ्या हातात होती. एवढ्याशा तिसांनी काय होतंय, असं मीच म्हणाले.

गेल्या एप्रिलमध्ये कुणीतरी बास आणला. ऑर्डेलनं जबडा उघडला, शेपूट धरून ओढली आणि हेरिंग गल्ल्यावर ठेवली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मग त्यानं तोंड सोडलं.

"हॉइटनं सोडल्या. दुसऱ्या तलावांवर जिवंत हेरिंग गळाला लावतो तो. उरलेल्या इथं ओतल्या असणार."

ऑर्डेल म्हणाला म्हणजे झालंच. पाच वर्षांत त्या तिसांच्या हजारो झाल्या होत्या, आणि हेरिंग बासची अंडी खाते, पिल्लं खाते. मोठे बास तिच्यामागे काठ सोडून खोल पाण्यात गेले. लोकांना राग काढायला माणूस हवाच होता, सगळ्यांनी खापर हॉइटवर फोडलं. पाहुण्यांनी त्याच्याकडे येणं बंद केलं. धक्क्यावरची त्याची जागा काढून घेतली. चर्चमध्ये त्याच्या बाकावर कुणी बसेना.

जूनमध्ये तो दुकानात आला.

"म्हाताऱ्या, माझ्याकडे बघून बोल. मी सोडल्या?"

"तुझ्याशिवाय इथं जिवंत हेरिंग कोण बाळगतं?"

हॉइट माझ्याकडे वळला. "वर्लीन, तू तरी सांग."

मी फळीवरचे खोके नीट लावत राहिले. ती हेरिंग गल्ल्यावर पडली त्याच क्षणी मला पिंप आठवलं होतं. ऑर्डेल विसरला असेल, आठवण दिली तर खचेल, असं मी स्वतःला सांगत होते. खरं कारण वेगळं. एकसष्टाव्या वर्षी मला दुसरीकडे कोण कामावर ठेवणार? म्हणून मूग गिळून बसले. माझी मलाच किळस येते.

ऑक्टोबरात हॉइटची होडी कुण्या परक्याच्या गाडीमागे बांधून दुकानासमोरून गेली. विकली त्यानं. मी तशीच उठून मागच्या खोलीत गेले. ऑर्डेल एका शॅडचा डोळा रंगवत होता.

"ऑर्डेल, त्या हेरिंग आपण सोडल्या. पिंप आठवतं?"

"आठवतं."

"कधी आठवलं?"

"घशात शेपूट दिसली तेव्हाच."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आणि सहा महिने तू हॉइटला..."

"तो सहन करेल गं. ट्रक चालवेल, सुतारकाम करेल, त्याला दहा कामं येतात. मला काय येतं? या पाण्याचं मला कळतं, एवढ्यावरच लोक मला मानतात. मीच ते नासवलं हे सांगू?" कुंचला त्यानं खाली ठेवला नाही. "आणि तू कुठं बोललीस?"

त्याच्या हातातला शॅड हिसकावून मी भिंतीवर आपटला. मग गल्ल्याची किल्ली टेबलावर टाकली आणि थेट हॉइटचं घर गाठलं.

तो पायरीवर बसून बुटांचा चिखल खरवडत होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यानं मान वर केली नाही.

"माहीत आहे मला," तो म्हणाला.

"कसं?"

"त्या दिवशी मी पलीकडच्या काठाला होतो. तुम्ही दोघं पिंप कलंडवत होतात. मी हातसुद्धा केला, तुमचं लक्ष नव्हतं."

"मग बोलला का नाहीस, हॉइट? होडी गेली तुझी."

"वाटलं, ऑर्डेल स्वतः सांगेल. तो नाही, तर निदान तू."

त्यानं बूट उचलले, आत गेला आणि दार लावून घेतलं.