देवमन उस्तादचा सत्कार

देवमन उस्तादले परत आणा, हे मी तीन सालापासून बोंबलून राहिलो होतो. मी क्लबचा सचिव. म्हंजे मीटिंग झाली की सतरंज्या उचलणारा. अकोल्याच्या जुन्या शहरातला आमचा फुटबॉल क्लब उस्तादनं उभा केला. दिवसा कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरी, संध्याकाळी मैदानात पोरांवर ओरडणं. मंग अध्यक्ष सहदेवभाऊनं अमरावतीहून सोहम नावाचा लायसनवाला कोच आणला अन् उस्तादले म्हटलं, आता आराम करा. कायचा आराम बाप्पा! माणूस रोज संध्याकाळी मैदानाच्या जाळीबाहेर पाठमोरा उभा राहाचा, जसं काही कोणाची वाट पाहून राहिला. त्याइची बायको पार्वताबाई मले म्हणे, "नितेश, एकडाव बोलवा रे त्याइले. जेवणात ध्यान नाई त्याइचं."

यंदा चांदूर बाजारच्या पोरांनी आमाले धू धू धुतलं, तवा कुठं मीटिंग बसली. सहदेवभाऊ तडकलेच, "उतरवलेला नवरदेव पुन्हा घोड्यावर बसवता काय?" पण खुद्द सोहम म्हणाला, "बोलवा त्यांना. मी त्यांच्या हाताखाली काम करीन." ठराव झाला. सहदेवभाऊची एकच अट, घोषणा मीच स्टेजवरून करीन, तोवर कोणी तोंड उघडाचं नाई. अन् मानानं बोलवाचं, म्हणून शाल-श्रीफळ. आमच्याकडं मान द्याचा म्हटला की दुसरं काही सुचतच नाई.

उस्ताद इस्त्रीचा शर्ट घालून आले. सहदेवभाऊनं शाल पांघरवली, नारळ हातात ठेवला, अन् घोषणेच्या आधी भाषण झोडलं. उस्तादची सेवा, उस्तादचा त्याग, उस्तादले दीर्घायुष्य. मी खालून खुणा करून राहिलो, भाऊ, मुद्द्यावर या ना! तेवढ्यात उस्तादचा चेहरा उतरला. अशी शाल, असं भाषण आपल्या इकडं रिटायर होणाऱ्या मास्तरच्या वाट्याले येते. त्याइनं माईक मागितला.

"तवा मी तसाच गेलो होतो. आज तुमी रीतसर निरोप देल्ला, लय झालं," ते म्हणाले. खिशातून जुनी शिट्टी काढली. म्हंजे बिचारे आशेनंच आले होते! ती सोहमच्या गळ्यात घातली. "पोरं सांभाळ, बाबू."

टाळ्याच टाळ्या. सोहम काही सांगाले गेला, पण त्या गोंगाटात कोणाले ऐकूच आलं नाई. मी स्टेजवर धावलो, "उस्ताद, तसं नाई हो!" पण माईक सहदेवभाऊच्या हाती गेला होता. "उस्तादच्या इच्छेचा आपण मान राखू," म्हणाले अन् कार्यक्रम आटोपलाही. असा संताप आला मले! पण लोक रांगेनं उस्तादच्या पाया पडून राहिले होते. कोणाचा हात धरू?

घरी सोडताना मी गाडी थांबवली अन् सारं सांगून टाकलं. "तुमाले परत कोच कराले बोलावलं होतं, उस्ताद. ठराव झाला होता. उद्या शिट्टी वापस आणतो."

"खरं सांगून राहिला?"

"आईची शप्पथ."

ते शालीचे गोंडे ओढत बसले. मंग म्हणाले, "नको आणू. साऱ्याइच्या समोर देल्ली मी. आता कोणत्या तोंडानं मागू?"

घरी पोचलो, तं पार्वताबाई दारातच उभ्या होत्या. "काय म्हणे क्लबवाले? बोलावलं काय तुमाले?"

मी तोंड उघडलं, तं उस्तादनं माह्या खांद्यावर हात दाबला.

"नाई," ते म्हणाले. "सत्कार होता."