हवालदारसाहेबांचा फोन

आमच्या रहाटणीतल्या निवृत्त पोलीस संघटनेचे ते सचिव. सगळे त्यांना हवालदारसाहेबच म्हणतात. बोलताना खिशातलं बटणाचं पेन काढून टकटक वाजवायची त्यांना सवय आहे.

संघटना म्हाताऱ्या माणसांना फोनवरच्या फसवणुकीबद्दल सावध करते. साहेबांचा मात्र भाषणांवर भरवसा नाही. भाषण झालं की आठवड्याभराने ते स्वतःच आवाज बदलून, अनोळखी नंबरवरून एकेकाला फोन लावतात. "बँकेतून बोलतोय, कार्डाचा नंबर सांगा." मी निवृत्त मास्तर. मी नंबर नीट, दोनदा सांगितला.

"सर, नापास," पलीकडून उसासा आला.

संघटनेच्या वार्षिक समारंभात निवृत्त पोलिसांना शाल-श्रीफळ देतात. यंदा सत्कार आटोपल्यावर साहेबांनी एक जास्तीची शाल काढली आणि गावठाणातल्या भाजीवाल्या आजींना वर बोलावलं. "अख्ख्या नोकरीत खाल्ल्या नाहीत तेवढ्या शिव्या या माउलीने मला एका फोनवर दिल्या," त्यांनी अभिमानाने जाहीर केलं.

आजी शाल सावरत थांबल्या. "आरं, त्यो फोनवरचा मुडदा तूच व्हय?" म्हणत त्यांनी स्टेजवरच साहेबांचा कान धरला. साहेब कान सोडवूनही घेईनात, इतके खूश होते.

मला त्या शालीचा हेवा वाटला. परवा अनोळखी नंबरवरून पुन्हा बँकवाला बोलू लागला, तेव्हा मी डोळे मिटून आयुष्यातली पहिली सणसणीत शिवी हासडली.

पलीकडे पेन टकटकलं.

"पास, सर."