महालक्ष्म्या मागणारी बाई

देव आहे यावर माझा विश्वास होता. तो वेळेवर येतो यावर मात्र नव्हता. लहानपणापासून मी देवाशी भांडतच आले, आणि त्या वर्षी भांडायला मोठंच कारण मिळालं.

मी कारंज्याला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. आमच्याकडे संत्र्याच्या बागा पुष्कळ, आणि त्यांना लागणारा डिंक्या रोगही पुष्कळ. खोडातून डिंक गळतो आणि उभं झाड वाळून जातं. त्यावर संशोधन करायचं वेड माझ्या डोक्यात कधीपासून होतं. चाळिशी समोर दिसू लागली तेव्हा स्पेनमधल्या एका विद्यापीठाने मला शिष्यवृत्ती देऊन पीएच.डी.ला घेतलं. कुटुंबाला सोबत नेता येणार होतं. माझ्या यजमानांचं हायवेजवळ कृषी केंद्र होतं. त्यांनी दुकानात येईल त्याला पेढा दिला, आणि दुकान बंद करून तिकडच्या बागेत काम शोधीन असंही सगळ्यांना सांगून टाकलं. संध्याकाळी घरी आल्यावर मात्र ते महालक्ष्म्यांच्या मुखवट्यांच्या पेटीसमोर जाऊन बसले.

भाद्रपदात आमच्या घरी महालक्ष्म्या बसतात. मुखवटे पिढीजात, आणि त्यांच्यासोबत घरची रीतही पिढीजात. मुखवट्यांनी गावाची शीव ओलांडायची नाही, आणि आपणहून ते कोणाला द्यायचे नाहीत. सासूबाई जाताना मुलाचा हात धरून म्हणाल्या होत्या, "आपल्या हातानं कोनाले देऊ नको, बापू. पण कोनी मांगन, तं त्याले नाई म्हणू नको." यजमान एकुलते एक. आम्ही घराला कुलूप लावून गेलो, तर महालक्ष्म्या उभ्या करायला मागे कोणीच नव्हतं.

"तू जा," ते म्हणाले. "मी अन् पोरगी इथंच राह्यतो."

ते रागाने म्हणाले असते तर मी भांडले असते. त्यांनी इतकं समजुतीने म्हटलं की मला रडूच आलं. मुलगी नुकती शाळेत जायला लागली होती. तिला सोडून मी जाणार नव्हते, आणि तिला बापापासून तोडून नेणारही नव्हते. जाऊ तर तिघं, नाहीतर कोणीच नाही, असं मी सांगून टाकलं.

मग मी माझं डोकं चालवलं. शेजारच्या काकूंना सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "ज्यांच्या घरी महालक्ष्म्या, त्यांचं नशीबच वेगळं, नाही का हो काकू?"

"हो न बाई," काकू म्हणाल्या, "म्हणून तं आमी तुमच्याकडं जेवाले येतो."

यजमान अंगणात होते, त्यांनी ऐकलं. "तू सुचवून राह्यली," ते म्हणाले. "सुचवनं म्हंजे देनंच झालं." या माणसाचं हेच अवघड आहे. दुकानात ते तोळाभर खोटं तोलत नाहीत, आणि देवापुढेही तसंच.

विद्यापीठाला होकार कळवायची मुदत जवळ येत होती. एका दुपारी यजमान दुकानात असताना मी पेटी उघडली. आता जाणं काही होत नाही, तर मुखवटे पुसून तरी ठेवू, म्हणून ते पाटावर मांडले. दोघी बहिणी माझ्याकडे शांत पाहत होत्या. मी हात जोडले आणि म्हटलं, "बाई, माझी हुशारी संपली. तुम्हाला इथं राहायचं असेल तर राहा. मी नाही म्हणून कळवते." आयुष्यात पहिल्यांदा मी भांडल्याशिवाय देवापुढून उठले. वाईट वाटत होतं, पण छातीवरचं ओझं उतरलं होतं.

मी फडकं आणून मुखवटे पुसत होते तेवढ्यात दारात एक बाई आली. मी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. मागच्या गल्लीत नुकतंच घर घेऊन राहायला आले आहोत, बागेतली झाडं डिंक गाळत आहेत, तुम्हाला त्यातलं कळतं असं ऐकलं, असं ती सांगत होती. मी काय करायचं ते सांगितलं. तिचं अर्धं लक्ष पाटाकडेच होतं. जायला निघाली आणि उंबऱ्यातच थांबली.

"ताई, एक मांगू का? राग नाई न येनार?"

"मागा ना."

"ह्या मले देता का? आमच्याकडं मोठ्या जाऊबाईकडं बसतात. माह्या घरी कधी आल्याच नाई. येडी म्हना मले, पण पाह्यलं अन् राहावलंच नाई."

मी यजमानांना फोन करून बोलावून घेतलं. ते आले, त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "तुमाले हे कोनी सांगतलं का?"

"कोनी काऊन सांगन? मीच मांगून राह्यली."

यजमान पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. ती बिचारी घाबरून माफी मागू लागली. "नाई ताई," ते डोळे पुसत म्हणाले, "मले नाई म्हनताच येत नाई."

याला कोणी योगायोग म्हटलं तर माझी हरकत नाही. मी विज्ञान शिकवणारी बाई आहे, योगायोग घडतात हे मला ठाऊक आहे. मी त्याच दिवशी होकार कळवला.

त्या भाद्रपदात आमच्या दारापासून तिच्या दारापर्यंत गल्लीतल्या बायांनी कुंकवाची पावलं काढली. एक मुखवटा मी घेतला, एक तिने. लोक अंगणात उभे राहून हात जोडत होते. तिच्या घरी पुरणपोळी आणि आंबील पोटभर जेवून आम्ही तिघं परदेशी निघालो.

इथे सगळं सोपं होतं असं नाही. भाषा येईना, मुलगी पहिले काही दिवस शाळेच्या दारात रडायची, आणि यजमानांना मिरचीशिवाय जेवण जाईना. पण तिघं एकाच ताटाभोवती होतो. यजमानांना संत्र्याच्या रोपवाटिकेत काम मिळालं, आणि मुलगी तर आता आमची स्पॅनिश सुधारते.

गेल्या महिन्यात माझा प्रबंध मंजूर झाला. परीक्षकांनी उभं राहून निकाल वाचला आणि मला पहिल्यांदा डॉक्टर म्हटलं. मुलगी खुर्चीवर उभी राहून टाळ्या वाजवत होती, आणि तिला खाली उतर म्हणायचं सोडून यजमान स्वतःच तिच्याहून जोरात वाजवत होते.

एकटी आले असते तरी पदवी हीच मिळाली असती. पण समोरच्या त्या दोन खुर्च्या रिकाम्या राहिल्या असत्या. त्या भरलेल्या असाव्यात, एवढंच मी देवीकडे मागत होते, आणि मी मागायचं सोडलं त्या दुपारी तिने ते देऊन टाकलं.