कोंडाजीचा ट्रेलर आणि हमीदभाईंचं भाषण

कोंडाजीचा ट्रेलर उघडा. बाजूच्या फळ्या नाहीत, छप्पर नाही, केबिनच्या मागे नुसती चाळीस फुटांची सपाट लोखंडी पाठ. त्यावर पोलादाच्या गुंडाळ्या, पाइप, एखादं अवजड यंत्र असं काहीबाही साखळदंडांनी बांधायचं आणि पुणं, नगर, कधी थेट हैदराबाद गाठायचं. गाव म्हसळ्याच्या आतल्या अंगाला. घरी बायको राही, थोडी भातशेती आणि एक म्हैस, जी कोंडाजी महिन्यातून दोनदाच दिसत असल्यामुळे त्याला परका समजून शिंगं रोखायची.

पगार खेपेवर. खेप झाली की पैसे, गाडी उभी राहिली की काही नाही. आणि ट्रेलरच्या धंद्यात गाडी धावते कमी, उभी राहते जास्त. कधी क्रेन बिघडते, कधी कागद येत नाहीत, कधी कारखान्याचा साहेब जेवायला गेलेला असतो तो संध्याकाळपर्यंत जेवतच असतो. कोंडाजीने एकदा हिय्या करून मालकाकडे थांबण्याचे पैसे मागितले होते. मालक हुझैफा शेठ श्रीवर्धनचे, सुपारीच्या व्यापारातून गाड्यांच्या धंद्यात आलेले, बोलायला खडीसाखर.

"कोंडाजी," शेठ म्हणाले, "थांबणं म्हणजे आराम. आरामाचे पैसे मी कसे देऊ? मलाच कुणी देत नाही."

कोंडाजीने हे घरी सांगितलं. राही भाकरी थापत होती. ती म्हणाली, "मग शेठना इचारा, गाडी थांबली की डायवरचं पोटबी थांबतं व्हय?" कोंडाजीने अर्थातच विचारलं नाही.

गेल्या जानेवारीत दिघीला पोलादाचं जहाज यायचं होतं. कोंडाजी रिकामा ट्रेलर घेऊन आला, पण जहाज आलं नाही. बंदरात गर्दी नको म्हणून त्याला सांगितलं, "अलीकडच्या गावात थांब, फोन करतो." अलीकडचं गाव म्हणजे आमचं. त्याने शाळेच्या मैदानाच्या कडेला गाडी लावली, चाकांना दगड दिले आणि केबिनमध्ये पाय वर करून पडला. दोन दिवस तो स्टोव्हवर खिचडी शिजवत होता आणि समुद्राकडे रागाने बघत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी केबिनच्या दारावर थाप पडली. खाली नीराबाई उभ्या होत्या. नीराबाई आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. त्या दिवशी मंडळाने मुलींचे कबड्डीचे सामने ठेवले होते आणि स्टेज देणारा मंडपवाला ऐनवेळी दुसऱ्या गावच्या लग्नाला पळाला होता.

"डायवरदादा, गाडी कधी हलणार?"

"जहाज आलं की."

"जहाज कधी येणार?"

"ते जहाजाला म्हायती."

"म्हणजे आज न्हाय," नीराबाईंनी ठरवून टाकलं. "आमाला स्टेज पायजे."

"अवो बाई, शेठ रागावतील!"

"शेठ हितं हायत का? तुमी जेवलात का?"

या दुसऱ्या प्रश्नाने कोंडाजी फिरला. तासाभरात त्याच्या पुढ्यात बांगड्याचं कालवण आणि तांदळाची भाकरी आली आणि ट्रेलरवर सतरंज्या, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि माइक चढला. केबिनच्या पाठीला भलाथोरला फ्लेक्स तारेने आवळला. फ्लेक्सवर हात जोडलेल्या नीराबाई आणि खाली 'आपले सहर्ष स्वागत'. पाहुण्यांना चढायला रंगाऱ्याची शिडी लावली. खरं सांगायचं तर इतकं ऐसपैस स्टेज आमच्या गावाने कधी पाहिलं नव्हतं.

सामने रंगले. तेजस्वी नावाच्या मुलीने एका चढाईत तिघींना बाद करून आमच्या गावाला ढाल जिंकून दिली. आता ढाल द्यायची तेवढी राहिली होती. पण ढाल देणार होते हमीदभाई, आणि त्याआधी ते बोलणार होते. हमीदभाईंनी तीस वर्षं कुवेतमध्ये काढलेली. माणूस दिलदार, ढालही त्यांनीच दिलेली. फक्त त्यांचं कुठलंही भाषण कुवेतच्या विमानतळावर सुरू व्हायचं आणि तिथून आमच्या गावात पोचायला त्याला फार वेळ लागायचा.

हमीदभाई विमानतळावरून नुकते बाहेर पडले होते, तेवढ्यात कोंडाजीचा फोन वाजला. जहाज लागलं होतं. पाचच्या आत फाटकावर ये, नाहीतर खेप दुसऱ्याला जाईल.

कोंडाजी धावत नीराबाईंकडे आला. "बाई, माझी खेप जातीय! पाव्हण्यांना उतरवा!"

नीराबाईंनी खालून खुणा केल्या. हमीदभाईंनी बोट वर करून 'एक मिनिट' म्हटलं आणि कुवेतच्या उन्हाचं वर्णन सुरू केलं. नीराबाईंनी चिठ्ठी पाठवली. ती त्यांनी अभिनंदनाची समजून खिशात घातली. आता मात्र कोंडाजीचा धीर सुटला. गाडी सुरू केली तर आवाजाने तरी उठतील, असं त्याला वाटलं. त्याने दगड काढले आणि इंजिन सुरू केलं.

खुर्च्या थरथरल्या. हमीदभाईंनी आवाज चढवला.

कोंडाजीने ब्रेक सोडला. फुस्स झालं आणि ट्रेलर मुंगीच्या पावलाने पुढे सरकला. वरच्या पाच पाहुण्यांनी एकमेकांचे हात धरले. मैदान गार झालं. पहिल्या रांगेत हमीदभाईंच्या बेगम जहुराभाभी बसल्या होत्या. त्या तेवढ्या ओरडल्या, "तुम्ही बोला हो, आम्ही ऐकतोय!"

आणि हमीदभाई बोलत राहिले. पण माइकची वायर खाली शाळेच्या व्हरांड्यातल्या मशीनला जोडलेली होती. ती आधी सैल होती, मग ताठ झाली, मग सटकन निघाली. "आणि तेव्हा मला कंपनीचा मॅनेजर म्हणाला..." एवढं ऐकू आलं आणि शांतता पसरली. मॅनेजर काय म्हणाला ते गावाला अजून कळलेलं नाही.

कोंडाजीने लगेच ब्रेक दाबला. त्या शांततेचा फायदा घेऊन नीराबाई शिडी लावून वर चढल्या, तेजस्वीला ओढून घेतलं, ढाल हमीदभाईंच्या हातात कोंबली आणि तिथून तिच्या हातात. टाळ्या इतक्या वाजल्या की हमीदभाईंना त्या भाषणासाठीच वाटल्या. ते खूश होऊन उतरले. नीराबाईंनी कोंडाजीच्या खिशात मंडपवाल्याचे वाचलेले दीड हजार घातले आणि गाडी सुटली.

फ्लेक्स काढायला मात्र वेळ मिळाला नाही. माणगावला काढू म्हणता म्हणता कोंडाजी विसरला, आणि हात जोडलेल्या नीराबाई पोलादाच्या दोन गुंडाळ्यांच्या वरून लोकांचं स्वागत करत ताम्हिणी घाट चढल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पौडजवळ कुणीतरी फोटो काढला. दुपारच्या आत तो हुझैफा शेठना त्यांच्याच मित्राने पाठवला, वर विचारलं, "तुझ्या गाडीवरच्या या बाई निवडणुकीला उभ्या आहेत का?"

शेठचा फोन आला तेव्हा खडीसाखर विरघळून गेली होती. सगळी हकीकत ऐकून ते म्हणाले, "माझ्या गाडीवर स्टेज? किती घेतलेस? अर्धे माझे!"

कोंडाजी घाबरला होता. पण माल उतरला होता, पोट भरलेलं होतं, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "घ्या की शेठ. पण तुमी तर म्हनाला थांबनं म्हंजी आराम."

"तुझा आराम! गाडी माझी आहे!"

"म्हंजी गाडी उभी राहून कमावते, हे खरं ना? मग मीबी तिच्यासंगंच उभा असतो. मला सोडून ती एकटी कशी कमावनार?"

शेठनी फोन ठेवून दिला. कोंडाजीला वाटलं, गेली नोकरी. रात्री जेवणही गेलं नाही त्याला.

दोन दिवसांनी शेठच्या ऑफिसातल्या काशिफाने फोन केला. ती हिशेब बघायची. म्हणाली, "चाचा, शेठ म्हणतायत, दुसऱ्या दिवसापासून थांबायचे रोजचे तीनशे मिळतील. सगळ्या ड्रायव्हरना. पण गाडीवर पुन्हा कार्यक्रम नको."

"आन पयल्या दिवसाचं?"

"चाचा, आता गप्प बसा. मोठ्या मुश्किलीने तयार झालेत."

कोंडाजी गप्प बसला. दीड हजारातले अर्धे शेठनी खरंच कापले. पण पुढच्या महिन्यात न्हावा शेव्याला गाडी चार दिवस अडकली आणि पगारात पहिल्यांदा थांबण्याचे नऊशे रुपये आले. कोंडाजीने येताना एक मोठं पापलेट घेतलं. राहीने भाव विचारला, मग उधळेपणावर पुष्कळ बोलली. बोलता बोलता तिने ते तळलं, मधला तुकडा त्याच्या ताटात वाढला, आणि काटे काढत विचारलं, "पुढच्या खेपेला कुठं अडकनार हायसा?"