लग्नाच्या पंगतीत 'कैलासवासी'

श्रीगोंद्याच्या बाजारात माझं पत्रावळीचं दुकान आहे. पत्रावळी आपलं म्हणायला. विकत होतो चंदेरी कागदाच्या प्लेटा, प्लास्टिकचे ग्लास, चमचे. खायचं, फेकायचं, विसरायचं. तालुक्यातल्या कितीतरी पंगती माझ्या मालावर उठल्या याचा मला अभिमान होता. आणि लग्न ठरल्यावर माझ्याच मुलीनं जाहीर केलं, "अप्पा, माझ्या लग्नात तुमच्या दुकानातलं काही नको. आपण मांडवातून निघायचं आणि मागं गायी प्लास्टिक चघळत बसायच्या, असलं लग्न मला करायचं नाही."

मी भडकलो. हलवायाच्या घरचं लग्न आणि जिलेबी शेजाऱ्याची! पण पोरगी हट्टाला माझ्यावरच गेलेली.

ऐन लग्नसराईत भाड्याची ताटं मिळेनात. तोड बायकोनं काढली. आमच्या गावात घरोघरी माळ्यावर स्टीलची ताटं पडून असतात, कुणी ना कुणी वाटलेली. तिनं आळीत हाक दिली आणि ओट्यावर ढीग लागले. ओळख राहावी म्हणून प्रत्येकीनं आपल्या ताटाला खालून नेलपॉलिशचा ठिपका लावला होता. सगळ्यांनी ठिपके पाहिले, वरच्या काठावर काय कोरलंय ते एकीनंही वाचलं नाही.

मुलाकडचे घोडेगावचे. व्याह्यांची आत्या आमच्याच गावात नांदली होती, त्या जुन्या ओळखीतून सोयरीक जमलेली. अक्षता पडल्या, पहिली पंगत बसली, वाढपी भात घेऊन निघाले आणि विहीणबाई ओरडल्या, "अवं, या ताटावर 'कैलासवासी' लिवलंय!"

शेजारच्या ताटावरही तेच. वर्षश्राद्धाला 'स्मरणार्थ' वाटलेली ताटं! शुभकार्यात आम्ही पाहुण्यांपुढं गावातली गेलेली माणसं मांडून ठेवली होती. पाहुणे ताटावरून उठले असते तर माझ्या मुलीला जन्मभर सासरी ऐकून घ्यावं लागलं असतं. "आत्ता दुकानातून प्लेटा आणतो," मी म्हणालो. मुंडावळ्या बांधलेली मुलगी लांबून बघत होती. तिचा चेहरा पार उतरला.

तेवढ्यात व्याह्यांनी आपलं ताट उपरण्यानं पुसलं, उजेडाला धरलं आणि वाचता वाचता थांबले.

"आगं, ही तर आपली आत्या हाय," ते बायकोला म्हणाले. मग बैलबाजारात कमावलेला आवाज लावला, "सकाळधरनं म्हनत हुतो, आज आत्या पायजे हुती. आली बघ पंगतीला! वाढा रं भात!"

मग काय, ज्याला त्याला आपल्या ताटावर कोण आलंय ते बघायचं होतं. "माझ्याकडं मास्तर आलेत, लई मारायचे!" एक म्हातारा म्हणाला. दुसऱ्याच्या ताटात जुने सरपंच निघाले. हसून हसून लोकांना ठसके लागले. त्या दिवशी उष्टं कुणी टाकलं नाही. कैलासवासी बघत असताना टाकणार कोण? विहीणबाईंनी तर जिलेबी मागून घेतली. शेवटी मी धोतर खोचून राख घेऊन ताटं घासायला बसलो. इतका आनंद मला प्लेटा विकून कधी झाला नव्हता.

निघताना मुलगी पाया पडली आणि म्हणाली, "अप्पा, येते." आपल्यात 'जाते' म्हणत नाहीत. मी मांडवाचा खांब धरून ढसाढसा रडलो.

पुढं प्लेटा बंद केल्या आणि भाड्यानं द्यायला ताटं घेतली. कोरणारा मशीन मांडून बसला. "शेठ, नाव कुनाचं टाकू?"

"नाव नको. 'येते' एवढंच कोर."

तो हसला. "ताट आसतंय शेठ, 'येतं' म्हना. 'येते' कसं व्हईल?"

"'येते'च कोर," मी म्हणालो.